गल्लीत एक केस

अर्पिताला शनिवारपर्यंत एक केस पाहिजे होती. नाही मिळाली तर समाजकार्याचं वर्ष बुडालंच म्हणून समजा! कोरोनामुळं परभणीचं कॉलेज बंद, पण क्षेत्रकार्य चालू. सरांचा हुकूम होता, "घराबाहेर पडू नका, पण समाजात मिसळा." आता हे सरांनीच एकदा करून दाखवावं की!

केस म्हणजे अडचणीतला माणूस. पुस्तकात त्याला सेवार्थी म्हणतात. त्याच्याशी बोलायचं, अहवाल लिहायचा, खाली त्याची सही घ्यायची. ताडकळसच्या गल्लीत अर्पिताला शेजारच्या सुलाबाई सापडल्या. सून बोलत नव्हती, म्हणून बिचाऱ्या ओट्यावर एकट्याच बसायच्या. हरखून पोरीनं सरांना मेसेज टाकला, 'आमच्या गल्लीत एक केस सापडली. सुलाबाई.'

मेसेज गेला गावाच्या ग्रुपवर.

अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले. सरपंच बालाजीराव तोंडाला रुमाल लावून लांबूनच ओरडले, "सुलाकाकू, भाईर येऊ नका! तुमी केस हाव!"

"केस? कुनी केली माझ्यावर?" सुलाबाई सुनेकडं वळल्या. "दैवशाला, घरातलं भांडन कोर्टात न्हेलीस व्हय गं?"

"म्या न्हाई! तुमीच केली असंल माझ्यावर!"

सहा महिन्यांत दोघी पहिल्यांदा बोलल्या. अर्पिताला राहवलं नाही. "आजी, भांडू नका. तुमची केस मी घेतलीय!"

झालं! सासू-सून एक झाल्या. "आगं भवाने, शेजारी राहून आमच्यावर केस करायलीस?"

तपासणीत कोणालाच काही निघालं नाही, पण बांबू निघेनात. अख्खी गल्ली अर्पितावर उखडली. दिसली की दारं लागायची. सही मागायला गेली, तर सुलाबाई म्हणाल्या, "कागद दाव, चुलीतच घालते."

शुक्रवारी सरांचा फोन आला. "केस कशी आहे?"

"एकटी पडलीय, सर," अर्पिताला हुंदका आला. "गल्लीत कोणी बोलत नाही तिच्याशी."

"वा, वा! फार छान केस आहे. लिहा."

अर्पितानं रडत रडत बारा पानं लिहिली. एक शब्द खोटा नव्हता. गोपनीयतेसाठी नाव तेवढं बदललं. विद्यार्थिनीची सही उजव्या हातानं केली, सेवार्थीची डाव्या.

सोमवारी सरांचा शेरा आला: "सेवार्थी हट्टी व रडवी आहे. अशा बाईला सहन करणाऱ्या विद्यार्थिनीचे कौतुक. अ श्रेणी."