अप्पासाहेब सिंहांचं ‘शी’

एका जंगलात एक सिंह होता, आणि जे झालं त्यात सगळी चूक त्याचीच होती. बाळांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर घरची मोठी मंडळी तुम्हाला सांगतील, की गाईड वाईट होती.

सिंहाचं नाव अप्पासाहेब. ज्येष्ठ प्राणी संघाचे अध्यक्ष. ज्याला आयाळ तोच अध्यक्ष, हा नियम त्यांनीच केला होता. सिंहिणीने निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी केला. संघाची सहल ठरली होती, तिच्याहून परतलं की पुन्हा निवड व्हायची होती. अप्पासाहेब निर्धास्त होते. आयाळ विंचरायची, बस्स.

सहल निघाली समुद्रापलीकडे, स्पॅनिश लोकांनी वसवलेली शहरं बघायला. गाईड होती मैना. शेपटीला केशरी झेंडा, आवाज खणखणीत.

पहिल्याच चौकात ती म्हणाली, “मंडळी, इथे ‘सी’ म्हणजे ‘हो’. आणि यांच्या बोलण्यात ‘श’ नाही. आपण ‘शी’ म्हटलं तरी यांना ‘सी’च ऐकू येतं. तेव्हा नाक मुरडायचं तर गप्प राहून मुरडा.”

“ए पोरी, तू अंड्यात होतीस तेव्हा आम्ही डरकाळ्या फोडत होतो,” अप्पासाहेब म्हणाले. “आम्हाला बोलायला शिकवतेस?”

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. म्हातारे एकमेकांच्या मूर्खपणाला फार जपतात.

मैनेने चर्च दाखवलं. “स्पॅनिश लोकांनी इथलं देऊळ पाडलं आणि त्याच दगडांनी हे बांधलं.”

“शी! दुसऱ्याची जागा बळकावायची म्हणजे काय!” अप्पासाहेब म्हणाले. ते स्वतः अस्वलाच्या गुहेत राहत. अस्वल याच सहलीत होतं. ते बिचारं फोटो काढत राहिलं.

जेवायला घेवड्याचं सूप आलं. अप्पासाहेबांनी एक घोट घेतला. “शी!”

वाढप्याने खूश होऊन दुसरा वाडगा आणला.

“शी शी!”

आणखी दोन आले.

“अहो, मैना काय म्हणाली होती?” सिंहिणीने विचारलं.

“तू गप्प बस. अन्न टाकायचं नसतं.” आणि त्यांनी सगळे वाडगे चाटूनपुसून संपवले.

पोट जड झालं. बाकीची मंडळी मठ बघायला गेली. “एक बघितलं की सगळं बघितल्यासारखंच,” म्हणत अप्पासाहेब मागे राहिले. कमानींखाली एक मऊ खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, ही त्यांची जुनी खोड.

खुर्ची न्हाव्याची होती. न्हावी होता लामा, म्हणजे तिकडचा उंटाचा चुलतभाऊ. त्याने अदबीने तिथल्या भाषेत विचारलं, “थोडी कापू?”

अत्तराचा भपकारा आला. अप्पासाहेबांनी डोळे मिटूनच म्हटलं, “शी!”

“की सगळीच काढू?”

“शी शी शी!” म्हणाले आणि घोरायला लागले.

इतकं मनापासून हो म्हणणारं गिऱ्हाईक लामाला जन्मात मिळालं नव्हतं. त्याने जीव ओतून काम केलं.

सिंहीण परत आली. “मैने, इथे कुणाचं तरी मोठं मांजर झोपलंय. आमचे हे कुठे गेले?”

मांजराने डोळे उघडले. सिंहीण हसता हसता कारंज्यात पडली.

“गाईड काय करत होती?” अप्पासाहेब गरजले. डरकाळी तीच होती. पण आयाळीशिवाय ती म्याँव वाटली.

जंगलात परतल्यावर निवडणूक झाली. नियम म्हणजे नियम. आयाळवाले शोधले, तर गाढवाच्या मानेवर ताठ उभे केस निघाले. गाढव अध्यक्ष झालं. कारभारात कुणाला काही फरक जाणवला नाही.

तात्पर्य : परमुलखात जाताना तिथली भाषा चुकूनही शिकू नका, आणि शिकलेल्या पोरीचं तर मुळीच ऐकू नका. ऐकलंत, तर दोष द्यायला कुणी उरत नाही. अप्पासाहेबांनी ऐकलं नाही. त्यांची आयाळ गेली आणि खुर्ची गेली, पण दोष द्यायला मैना उरली.