दोन जिल्ह्यांत जन्मलेले सोनकांबळे सर

सोनकांबळे सरांकडे चपलेच्या पावतीचीसुद्धा साक्षांकित प्रत आहे. नांदेडला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते मराठी शिकवतात, मी भूगोल. एकदा तापातून उठून आलो, तर "बरं हाय का?" म्हणण्याआधी त्यांनी हात पुढे केला. "तोंडी नगं, कागद दावा."

पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी जनसंवादात पीएच.डी. करायचं घेतलं. विषय होता, दुष्काळात टँकर आल्याची बातमी गावात कशी पसरते. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, त्यामुळे विषयाला कुणी हसलं नाही. हसलो ते सरांना.

विद्यापीठाचं पात्रतेचं पत्रक त्यांनी इतकं वाचलं की घडीवर फाटलं.

"मोरे सर, हितं 'नेट किंवा पेट' हाय का 'नेट आणि पेट'?"

"किंवा."

"नीट बघा. एका शब्दानं माणूस बाहेर पडतो."

पेट ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास, एम.ए.चे टक्के पुरेसे, मार्गदर्शकांचं संमतीपत्र, संस्थेची ना-हरकत, सगळं तीन-तीन प्रतींत. तरी सरांची झोप उडाली. डबा भरलेला परत जायचा. "कायतरी राहून गेलंय," म्हणायचे.

विद्यापीठात कागद तपासणीला मलाही सोबत नेलं. वेळ अकराची, आम्ही आठला हजर. रांगेत सर मागच्या-पुढच्यांची फाईल उघडून बघत, नावं-नंबर लिहून घेत बसले. मला वाटलं, घाबरलेला माणूस, काहीतरी चाळा हवा.

खिडकीतल्या बाबूनं दोन कागद शेजारी ठेवले.

"शाळेचा दाखला जिल्हा उस्मानाबाद. जातीचं प्रमाणपत्र जिल्हा लातूर. दोन जिल्ह्यांत कसे जन्मलात?"

"जन्मलो एकाच घरात, शिरूर अनंतपाळला. मागून लातूर येगळा जिल्हा झाला. जिल्हा सरकला, साहेब. मी न्हाई."

"तसा कागद आणा. उद्या पाचपर्यंत."

सरांचा चेहरा पांढरा पडला. जगातला तेवढा एकच कागद त्यांच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही शिरूर गाठलं. तहसील ओस पडलेली, सगळे टँकरच्या फेऱ्यांवर. सर व्हरांड्यात येरझारा घालत होते, मी घड्याळ बघत होतो. बाराच्या सुमाराला नायब तहसीलदार धुळीनं माखून आले. ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय! ह्याचा दाखला कोण मागतंय?" पण लिहून दिला, शिक्का मारला. परतीच्या गाडीत सरांनी तो कागद मांडीवरसुद्धा ठेवला नाही, दोन्ही हातांत धरून बसले. पाचला दहा मिनिटं कमी असताना तो खिडकीतून आत गेला.

मुलाखत झाली. आठवड्यानं फलकावर यादी लागली. सरांचं नाव तिसरं.

"अभिनंदन! घरी कळवा," मी म्हणालो.

"घरी कोन हाय आता?" सर यादीकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "टँकर आला की गावात हाळी जायची. आमची वस्ती वढ्यापल्याड, तिकडं कोणी सांगायला यायचं न्हाई. आई घागर घेऊन सकाळपासून सडकेवर बसायची. एकदा दिवस मावळला तरी बसून होती. टँकर दुसऱ्या वाटेनं येऊन गेलता. मुलाखतीत इचारलं, ह्योच इषय का? मला काय सांगता आलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी खिशातून रांगेत लिहिलेली नावं-नंबरांची चिठ्ठी काढली. फलकाशी पडताळत ते एकेकाला फोन लावू लागले. लोह्याच्या ताईला, देगलूरच्या शिक्षकाला. "नाव लागलंय बरं का! दुसरं."

शेवटच्या फोनला त्यांचा आवाज खाली आला.

"भाऊ, तुमचं नाव न्हाई यादीत. दोनदा बघितलं." चिठ्ठीची घडी घातली. "म्हटलं, सांगावं. वाट बघत बसू नका."