वज्रभुजाचे पहिल्या खेळाची व अवेळीच्या मध्यंतराची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न असोत, अंधारात बसोन पाहणाऱ्या समस्तांचे कल्याण असो. राक्षसनाम संवत्सर, आश्विन मास, लढाईचे तिसरे वर्ष. शत्रूची विमाने राज्यावर घिरट्या घालू लागली, रयतेचा धीर सुटला, मग दरबारी मसलत जाहली की तोफा उण्या असल्या तरी चित्रपट उणा नसावा, आणि 'वज्रभुज' नामे चित्र सिद्ध करविले. त्यात महावीर आकाशी उडोन शत्रूचे बॉम्ब चेंडूसारखे झेलीत आणि माघारी फेकीत.

सरहद्दीचे कसब्यात हरबाजी निगुडकर चित्रगृहाचे धनी. पहिल्या खेळास गर्दी लोटली, आणि त्यांचे कुटुंब राधाक्का पुढले रांगेत विराजमान जाहली. चित्रात भोंगा वाजू लागला, तोच गावातला खराही वाजला, आणि दोहोंचा सूर एक जाहला. हरबाजी आत धावोन ओरडले, "उठा! भोंगा खरा आहे! खंदकात चला!" तो मागून आवाज आला, "मालक, खाली बसा, डोकं आड येतंय!" मग त्यांनी कुटुंबाचा हात धरिला, तो झिडकारून ती वदली, "अहो, चारचौघांत शोभतं का हे? त्याला बॉम्ब झेलू तरी द्या!" मग चित्र थांबविले, तरी कोणी हलेना, शिट्यांचा कल्लोळ उठला, "ऑपरेटर झोपला काय रे!" चित्रगृह जावो, परंतु राधाक्का आत आहे. मग एकाएकी बुद्धी स्फुरली, आणि ऑपरेटर इस्माईलभाईंस म्हणाले, "मध्यंतर लावा."

"मालक, अजून तिसरंच रीळ चाललंय!"

"लावा म्हणतो ना!"

पडद्यावर 'मध्यंतर' उमटले, दिवे लागले, आणि जी फौज मरणास उठली नाही ती वड्यांसाठी एकमेकांस रेटीत अंगणात गेली, आणि डोईवर विमाने पाहोन वडे विसरोन खंदकात शिरली. राधाक्का सर्वांपुढे. इस्माईलभाईंस ओढीत हरबाजी शेवटी आले, आणि मग बॉम्ब पडोन चित्रगृह भस्म जाहले. मनुष्य एकही गेला नाही.

दरबारातून जाहीर जाहले की वज्रभुजाचे प्रतापे कसबा तरला. लोकांनीही कबूल केले, वर उत्तरार्ध फारच उत्तम म्हणोन वाखाणिला, जो त्यांतील कोणीही पाहिला नव्हता. राधाक्का ओट्यावर शेजारणीस सांगत होती, "शेवटी त्यानं बॉम्ब असा अलगद झेलला गं!" आणि दोन्ही हात पसरून दाखवीत होती. हरबाजी शेजारी बसोन ऐकत होते. सांगणारी जिवंत आहे, मग गोष्ट खोटी का असेना, ऐसे मनी आणोन त्यांनी हुंकार भरिला.

सारांश, कीर्ती वीरास, राख चित्रगृहास, आणि राधाक्काची बडबड हरबाजींस पावली. तिघांचे वाटे चोख जाहले.