भेकररावांचा गुडघा

एका जंगलात, मुलांनो, उंबराचं एक भलंमोठं झाड होतं. अख्खं जंगल त्याच्याखाली गप्पा मारायला जमायचं. सावली फुकट, उंबरं फुकट. झाड कुणाचं, हे कुणीच विचारलं नाही. फुकटच्या गोष्टीचा मालक विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. बिबट्या मात्र रोज झाडाला पाणी घालायचा. "किती झाडांची आवड!" असं सगळे म्हणायचे.

फांद्यांवर साळुंक्या बसायच्या. कोण काय बोललं ते ऐकायच्या आणि लक्षात ठेवायच्या.

तिथे भेकरराव नावाचे एक गृहस्थ यायचे. भेकर म्हणजे लहानसं हरीण. घाबरलं की भुंकतं. हसू नका, त्याचा आवाजच तसा आहे.

एकदा भेकरराव मेहुण्याच्या कानात म्हणाले, "उजवा गुडघा धरलाय रे. पळताना कळ येते."

दुसऱ्या दिवशी खार निर्गुडीचं तेल घेऊन दारात हजर. दुपारी माकड लेप घेऊन आलं. तिसऱ्या दिवशी बिबट्याचा निरोप आला. 'गुडघा दुखतो असं कळलं. वाईट वाटलं. उगाच पळापळ करू नका.'

भेकररावांना घाम फुटला.

"अहो, आता उंबराखाली जायचं नाही," त्यांच्या पत्नी शेवंताबाई म्हणाल्या. "टेकडीमागे कासवाची कपार आहे. तिथे म्हणे कुणी कुणाचं ऐकत नाही."

"म्हणजे आपल्या घरासारखं?"

"तसंच समजा."

भेकररावांनी गुपचूप जायचं ठरवलं. त्यासाठी ते उंबराखाली उभे राहिले आणि भुंकून म्हणाले, "मी गुपचूप निघालोय! कुठे ते विचारू नका! टेकडीमागे!" तीन दऱ्यांपलीकडे ऐकू गेलं.

कपार उत्तम होती. आत मिट्ट काळोख. सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं. नाव सांगायचं नाही. कासव डोकं आत ओढून दारात बसायचं.

एकदा बिबट्या तिथेही आला. "भेकरराव आहेत का?"

"कोण भेकरराव?" कासव म्हणालं. त्याला खरंच माहीत नव्हतं. बिबट्या हात हलवत परत गेला.

भेकरराव सुखावले. हे सुख चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी कासवाने विचारलं, "आपण कोण?"

"अहो, मी रोज येतो!"

"आम्ही कालचं काही ठेवत नाही."

आत जाऊन भेकररावांनी शेजारच्याशी मनमोकळ्या गप्पा मारल्या. दुपारी कळलं, तो दगड होता.

मग ते मुद्दाम लंगडत आत शिरू लागले. कुणी विचारलं नाही. मोठ्याने कण्हून पाहिलं. कासव म्हणालं, "ते आम्ही ऐकलेलं नाही. निश्चिंत असा."

आणि मग वाढदिवस आला. भेकरराव अंगाला चाटून, चकचकीत होऊन बसले. शेवटी न राहवून म्हणाले, "आज काय आहे बरं?"

"तो तुमचा खाजगी प्रश्न आहे," अंधारातून उत्तर आलं.

भेकररावांना रडू फुटलं, आणि ते तसेच घरी आले. मुलांनो, आपल्याला कुणी खाऊ नये असं प्रत्येकालाच वाटतं. पण आपल्याला कुणी विचारूही नये, हे काही सहन होत नाही.

"अहो, सकाळी मी कोवळ्या पाल्याची खीर केली, ती कशासाठी?" शेवंताबाई म्हणाल्या.

"तू घरची. तुझं काय धरायचं?" असं म्हणून ते तडक उंबराखाली गेले. शेवंताबाई मागोमाग धावल्या.

"आलात!" साळुंक्या एका सुरात ओरडल्या. "सव्वीस दिवस झाले! गुडघा कसाय? उजवाच ना?"

"उजवाच!" भेकरराव आनंदाने भुंकले.

तेवढ्यात खोडामागून बिबट्या बाहेर आला. हातातली झारी त्याने बाजूला ठेवली.

"भेकरराव, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! उदंड आयुष्य लाभो."

"अहो, पळा!" शेवंताबाई लांबून ओरडल्या.

भेकररावांना सहज पळता आलं असतं. कपारीत बसून बसून गुडघा केव्हाच बरा झाला होता. पण शुभेच्छा देणाऱ्याचे आभार न मानता निघायचं म्हणजे बरं दिसत नाही. ते जागच्या जागी उभे राहिले. पुढचे दोन्ही खूर जोडून म्हणाले, "मनःपूर्वक आभार. असंच प्रेम राहू द्या."

बिबट्याचं प्रेम होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खार शेवंताबाईंकडे पांढरी फुलं घेऊन आली. माकडाने दुःखावरचा काढा आणला. दुपारी बिबट्याचा निरोप आला. 'आपल्या दुःखात सहभागी आहे. एकट्या राहू नका. उंबराखाली येत जा.'

शेवंताबाईंनी डोळे पुसले.

"बघा," त्या म्हणाल्या, "त्या मेल्या कासवाने साधी चौकशीसुद्धा केली नाही."

आणि त्या उंबराकडे निघाल्या.

तात्पर्य : जो आपल्याबद्दल काहीच लक्षात ठेवत नाही, त्याच्या नादी लागू नये. तो आपल्याला फक्त जिवंत ठेवतो. वाढदिवस लक्षात ठेवायला खाणाराच लागतो.