तुळशीभोवतीचा लूप

सोमवार सकाळपासून माझी बायको कुमुदिनी तुळशीभोवती फिरते आहे आणि तिला थांबवता येत नाही, कारण तसा प्रोग्राम मीच लिहिला आहे.

आमच्या सावद्याला संगणकवर्गात जे लिहाल ते घरी चालतं. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून मी वर्गात नाव घातलं, हीच अवदसा. लूपचा, म्हणजे अट संपेपर्यंत तेच ते पुन्हा करायला लावण्याचा, गृहपाठ होता. मी रोजचंच लिहिलं: उदबत्ती जळते आहे तोवर प्रदक्षिणा घालणे. दर फेरीला उदबत्ती थोडी कमी होते, ही ओळ लिहिलीच नाही. ती आपोआप संपते, त्यात लिहायचं काय, असं वाटलं. आज बुधवार. उदबत्ती सोमवारी होती तेवढीच आहे आणि हिचे पाय सुजून टम्म झालेत.

नियमाप्रमाणे तीन ओळींची दुरुस्ती करता येते. पहिली मी घाबरून वाया घालवली. पाय दुखले तर कंटिन्यू, म्हणजे उरलेली फेरी सोडून देणे, असं लिहिलं. झालं काय, तर ही अर्ध्या फेरीतूनच उचलल्यासारखी पुन्हा सुरुवातीला. विसावा राहिला बाजूला, फेऱ्या दुप्पट झाल्या.

मग वर्गाच्या तडवी मॅडम घरी आल्या. वही उघडून त्यांनी सगळं तपासलं. ब्रेक लिहिला की काकू लगेच बाहेर येतील, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, लूपच्या खाली काय लिहिलंय? मी म्हटलं, काहीच नाही.

"मग ब्रेक लागला की प्रोग्राम संपेल."

"संपेल म्हणजे?"

"म्हणजे संपेल, काका," त्या वहीकडे बघत म्हणाल्या.

म्हणजे प्रोग्रामबरोबर हीसुद्धा. ओळी दोनच उरल्या होत्या. एक ब्रेकची, एक खालची. खाली नवा लूप घालावा, तर त्याला दोन ओळी लागतात. मॅडमनी खेद व्यक्त केला आणि वहीवर माझी सही घेतली.

मी तुळशीपाशी गेलो. ही समोरून आली तेव्हा विचारलं, तुझ्यासाठी एकच गोष्ट लिहिता येईल, काय लिहू? तिनं एक अख्खी फेरी विचार केला.

"चहा घेईन म्हणते," पुन्हा समोर आल्यावर ती म्हणाली. "बसून."

तसंच लिहिलं: बसून एक कप चहा पिणे. त्याच्या वरच्या ओळीत ब्रेक टाकला. ही थांबली, ओट्यावर टेकली आणि कप तोंडाला लावला. इतकं बरं वाटलेलं तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला मात्र कपाच्या तळाची भीती वाटत होती.

कप निम्मा झाला की मी वरून ओततो. ती म्हणते, अहो, पुरे की आता. मी ऐकलं न ऐकलं करतो. शेजारच्या भारंबे वहिनी दुसरं आधण ठेवून गेल्या आहेत. दूध अजून पाऊण लिटर आहे.