हरसिंग नायकांचा बायकांचा डबा

हरसिंग नायकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोंडवाड्यात. दोन गाढवं, एक खोंड आणि हे. मी बोरी अरबला नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. इकडची न्यायाची पद्धत वेगळी असेल, असं समजून निमूट पुढं निघालो, तर आतून हाक आली, "ओ मास्तर, पेपर असंन तं वाचून दाखवा. दिस सरून नाही राह्यला."

ज्याचा बैल दुसऱ्याच्या कपाशीत शिरेल, त्यानं बैलाऐवजी स्वतः दिवसभर कोंडवाड्यात बसावं, असा निवाडा नायकांनीच तांड्यात दिला होता. पुढच्याच आठवड्यात त्यांचा बैल शिरला. कोंडवाड्याचा शिपाई रडकुंडीला येऊन "नायक, घरी जा ना जी" म्हणत होता. नायकांचं एकच, "बोल्लो ना? मंग झालं!"

तांडा बंजाऱ्यांचा, आणि नायक म्हणजे त्याचे प्रमुख. यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालत. मग छोटी आगगाडी आली, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडा कापूस पिकवू लागला. तो राग धरून नायक जन्मात कधी गाडीत बसले नव्हते. यवतमाळला जायचं तर चालत.

तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो. मुंबईला ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्या दिवाळीच्या तोंडावर नायकांची मुलगी सोनी सासर सोडून आली. पाठीवर चाबकाचे वळ होते. ती तांड्यात शिरली नाही, बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. कारण बापाचा निवाडा तिला पाठ होता: सासर सोडून आलेल्या पोरीला तांड्यातल्या कुठल्याही घरात जागा नाही. या निवाड्यानं नायकांनी कितीतरी पोरी परत धाडल्या होत्या.

नायक आले, झाडाखाली पाहिलं आणि तसेच दारव्ह्याकडं चालते झाले. सोनीच्या सासऱ्याला बोलवायला गेले, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

परतले ते आगगाडीचा डबा घेऊन.

मोडीत निघालेले डबे लिलावात जात. लोक लाकडासाठी घेत. नायकांनी आपली गौळाऊ बैलांची जोडी देऊन एका व्यापाऱ्याकडून अख्खा डबा घेतला होता. लोखंडी चाकं रेल्वेनं ठेवून घेतली, म्हणून खाली दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बांधल्या होत्या आणि तांड्यातले झाडून सगळे बैल पुढं. ज्या गाडीनं बैलांचा धंदा घेतला, तिलाच बैल ओढत होते. मला त्यात काव्य दिसलं. नायकांना तसं म्हणालो, तर म्हणाले, "जड हाये."

डबा मोहाखाली उभा राहिला. सोनी आत गेली. थोरला मुलगा म्हणाला, "बा, आता बंड्या सोडवू. येचणी आली."

"चाकं काहाडाची नाही."

"मंग कापूस काय डोक्यावर न्यावा?"

"न्या."

तांड्याचा कारभारी धनू तावातावानं आला. "नायक, निवाडा तुमचाच व्हता ना?"

"हो. घरात जागा नाही. बोल्लो ना? मंग झालं."

"मंग हे काय हाये?"

"याले चाकं हायेत. तुया घराले हायेत का?"

धनू चिडला आणि पोरीला बाहेर काढायला त्यानं पायरीवर पाय ठेवला. नायक म्हणाले, "मास्तर, दारावर काय लिवलं हाये?"

रंग उडाला होता, तरी वाचता येत होतं. मी मोठ्यानं वाचलं, "स्त्रियांसाठी."

"ऐकलं? सरकारी कायदा हाये. गडी मानसाले मनाई."

धनूनं पाय खाली घेतला. अख्ख्या हयातीत मी कायद्याचा इतका तात्काळ अंमल पाहिला नाही. नायक स्वतःही कधी आत चढले नाहीत. लेकीशी बोलायचं तर खिडकीखाली उभं राहून.

इथवर मला गंमत वाटत होती. मग एका सकाळी नायक कोणाची तरी बैलांची दमणी मागून माझ्या दारात आले. "चाला मास्तर. मले मानसं वळखतात, तुमाले मान देतात."

पुसदकडच्या एका वाडीत आम्ही गेलो. अंगणात एक बाई शेण थापत होती. ही जमनी. नायकांनी परत धाडलेल्यांतली एक. वय सोनीचंच, केस मात्र पांढरे झालेले.

नायकांनी पागोटं काढून हातात घेतलं. तांड्याचा नायक बोडक्या डोक्यानं! मला कुठं पाहावं कळेना.

"चाल माय," ते म्हणाले. "डब्यात जागा हाये."

तिनं हात धुतले. "तवा नव्हती?"

ती आत गेली, गाठोडं घेऊन आली आणि दमणीत नायकांकडं पाठ करून बसली. कोणी अडवलं नाही. तिच्या नवऱ्यालाही बहुधा माझ्याइतकाच धक्का बसला होता.

नायकांनी कासरा माझ्या हातात दिला. "तुम्ही बसा ना," मी म्हणालो.

"जमनी म्हनली तं बसीन."

ती काही म्हणाली नाही. नायक दमणीमागून चालत आले, तांड्यापर्यंत.