दाऊदमामांचा निवाडा

आमच्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले, की पहिल्या रविवारी दाऊदमामा दारातच त्यांचा हात धरत आणि सोडत नसत. म्हैस विकत घेताना बघावी तसा तळवा उलटासुलटा करून बघत. मग आमच्याकडं वळून सांगत, "मेंढपाळ हाय," नाहीतर, "मोलकरी हाय." तेही साहेबांच्या तोंडावर.

मामांचा जन्म मिशनच्या बागेत माळीकाम करण्यात गेला. राबणाऱ्याच्या हाताला घट्टे असतात आणि राबणाराच कळपासाठी उभा राहतो; बायबलातला पगारी मोलकरी लांडगा दिसताच पळतो, हा त्यांचा सिद्धांत. स्वराज्य आल्यावर गोरे साहेब एकेक करून मायदेशी निघाले, कारभार आमच्या हाती आला. तेव्हापासून तर मामा फारच कसून हात तपासू लागले.

रूथमामी म्हणायच्या, "लांडगा आल्याबिगर मेंढपाळ कळतोय व्हय? ह्यांचं आपलं कायतरीच."

भोसलेसाहेब आले तेव्हा मामांनी त्यांचा हात लगेच सोडला. कापसासारखा मऊ. आवाज बारीक, प्रवचन देता देता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहायचे.

"मोलकरी."

"बघू या, मामा," भोसले हसून म्हणाले.

त्यांना ठेवायचं की नाही यावर वर्षभरानं चर्चचे पंच बसले. मामा सगळ्यांत जुने पंच. ते म्हणाले, "लांडगा दिसला की ह्यो माणूस आधी झाडावर चढंल." सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यातच ठराव झाला. भोसल्यांची रवानगी शाहूवाडीकडच्या खेड्यांत झाली.

त्यांच्या जागी साळवेसाहेब आले. आवाज पार रंकाळा तलावापर्यंत जाईल असा. हात राठ. मामा खूश. ते घट्टे टेनिसचे होते, हे आम्हाला पुढं कळलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. साळवेसाहेबांना मिरजेला सासुरवाडीत तातडीचं काम निघालं. त्यांच्या बंगल्याला कुलूप लागलं. रूथमामी अंथरुणाला खिळल्या आणि दुसऱ्या दिवशी भोसले खांद्याला पिशवी अडकवून दारात उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पाणी उकळलं, घाण झालेली लुगडी धुतली, घरोघर आजाऱ्यांपाशी बसले. मामींना चमच्यानं पाणीही त्यांनीच पाजलं. मामी वाचल्या नाहीत. पेटीला पहिला खांदा भोसल्यांनी दिला.

साथ ओसरल्यावर साळवेसाहेब परतले. धीर या विषयावर त्यांनी फार सुंदर प्रवचन दिलं. मामा मधेच उठून गेले.

त्यानंतर दर रविवारी मामा सकाळच्या एस.टी.नं शाहूवाडीकडं जाऊ लागले. एकदा मीही सोबत गेलो. कौलारू खोलीत पंधरावीस माणसं, मामा सगळ्यांत मागं. भोसले काय बोलले ते तिथवर धड ऐकूही आलं नाही.

उपासनेनंतर भोसल्यांच्या घरी पानं मांडली. मामा भाताला हात लावेनात.

"साहेब, त्या दिशी पंचात मीच..."

"ठाऊक आहे, मामा. जेवा. भात गार होतोय."

मामा मान खाली घालून जेवले.

परतीची गाडी आली. मी चढलो, मामा खालीच उभे.

"चला की, मामा."

"तू हो म्होरं. घरी कोण वाट बघतंय माझी?"

भोसले आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले होते. त्यांनी मामांच्या हातातली पिशवी घेतली आणि ते घराकडं चालू लागले. मामा त्यांच्या मागून निघाले.